केळी काळी पडली? कुठल्या केळ्याचं काय करायचं ते सगळं सांगते

गणपती उठले की आमच्या घरात केळीच केळी असतात. येणारा प्रत्येक जण फणी घेऊन येतो, ओटीत केळी, प्रसादात केळी, त्यात शेजारी सत्यनारायण असला की तिकडून पण पाच केळी आणि नारळ येतो, आणि बेळगावात त्या दिवसांत पाऊस अजून पुरता गेलेला नसतो, हवा दमट, दोन दिवसात सालीवर ठिपके आणि तिसऱ्या दिवशी चिलटं घोंगावायला लागतात. मग घरात कुणी तरी म्हणतं, काळी झाली की ओ ही, टाका आता. तिथंच माझा जीव तुटतो. साल काळी झाली म्हणजे केळं खराब झालं असं नसतं. उलट गोड करायला तेच केळं सगळ्यात चांगलं, फक्त कुठल्या केळ्याचं काय करायचं हे कळलं पाहिजे. पिवळ्याचं जे होतं ते काळ्याचं होत नाही आणि काळ्याचं जे होतं ते पिवळ्याचं होत नाही, एवढं एक धरून ठेवलं की निम्मं काम झालं.

आधी केळी निवडून वेगळी करा

सगळी फणी ओट्यावर घ्या आणि एकेक केळं बघून तीन ढीग करा. पहिला ढीग पिवळ्या सालीचा, फार तर दोनचार ठिपके, दाबलं तर घट्ट. दुसरा ढीग भरपूर ठिपक्यांचा, अंगठ्यानं दाबलं की जरासं दबतं. तिसरा काळ्या सालीचा, मऊ, सोलताना बोटाला चिकटणारा. हिरव्या केळ्यात स्टार्च भरपूर असतो, पिकताना त्याची साखर होत जाते, म्हणून तिसऱ्या ढिगाला साखर सगळ्यात कमी लागते. पहिल्या ढिगाच्या केळ्याला जितकी साखर घालता तितकीच काळ्याला घातली तर पदार्थ घशाशी येतो. साखर नेहमी केळं कुस्करून, चाखून मगच घालायची. आणि घरात कुणाला डायबिटीस असेल तर काळं केळं त्यांना जपूनच द्या, किती चालेल ते डॉक्टरांना विचारून.

टाकायचं कुठलं ते पण सांगते. सालीवर पांढरी किंवा हिरवी बुरशी, देठापाशी पाणी सुटलेलं, किंवा वास आंबट दारूसारखा, असं असेल तर सरळ टाका, कुस्करून भागवायचा प्रयत्न करू नका. आतला गर नुसता तपकिरी आणि मऊ असेल पण वास गोड असेल तर बिनधास्त वापरा.

जात पण बघा. गणपत गल्लीत गाड्यावर जी लांब केळी मिळतात ती पटकन मऊ होतात आणि त्यात पाणी जास्त, ती केक, बन्स, कस्टर्डला बरी. जवारी म्हणजे गावठी केळी आकारानं लहान पण वासाला लई छान, किंचित आंबटगोड, ती शिकरणाला आणि शिऱ्याला. वेलची केळी, ज्याला आमचे कन्नड शेजारी एलक्की म्हणतात, ती अंगठ्याएवढी, पोरांना तशीच द्यायला किंवा रसायनाला, म्हणजे नारळाच्या दुधातल्या गोड केळ्यांना. आणि कोकण-गोव्याकडून कधी राजेळी आली तर ती हलव्यासाठी बाजूला ठेवा, तिचा हलवा दुसऱ्या कशाला येत नाही.

केळी एकदम पिकू नयेत म्हणून फणी जमिनीवर न ठेवता दोरीनं टांगून ठेवा, आंबे, चिकू, पेरू यांच्या शेजारी ठेवू नका कारण पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि शेजारचं फळ पण पिकवतं. फ्रीजमध्ये कच्ची केळी ठेवू नका, ती नीट पिकतच नाहीत. पिकलेली मात्र ठेवता येतात, साल काळी होईल पण आतलं दोनतीन दिवस तसंच राहतं, घाबरू नका.

पहिला ढीग: शिकरण आणि फ्रुट सॅलड

शिकरण सगळ्यांना येतं असं वाटतं पण नीट फार थोड्यांना जमतं. दूध आधी उकळून पूर्ण गार केलेलं पाहिजे, कोमटसुद्धा नको. एका माणसाला दोन जवारी केळी, एक वाटी दूध, साखर चवीपुरती, वेलची चिमूट, मीठ अगदी चार दाणे. साखर दुधात आधी विरघळून घ्यायची, मग केळ्याच्या चकत्या सुरीनं दुधातच पाडायच्या, म्हणजे हवेला लागून त्या काळ्या पडायला वेळच मिळत नाही. दोन चकत्या चमच्यानं कुस्करा, बाकी तशाच ठेवा, कुस्करलेल्यानं दूध दाट होतं आणि चकत्यांनी तोंडात केळं लागतं. लगेच खायचं, चपातीबरोबर. तासभर ठेवलं की रंग आणि चव दोन्ही बिघडतात. आमच्या कन्नड शेजारणी आंब्याच्या रसाला सीकरणी म्हणतात, बघा की, शब्द एकच, फळ बदललं.

कुणाकुणाकडं दूध आणि केळं एकत्र खात नाहीत, त्यांनी खाली रसायन दिलंय ते करा.

फ्रुट सॅलड म्हणजे कस्टर्ड आणि फळं. अर्धा लिटर नंदिनीचं दूध घ्या. त्यातलं अर्धी वाटी गार दूध बाजूला काढा, त्यात कस्टर्ड पावडर दोन मोठे चमचे सपाट भरून घाला आणि गुठळी राहणार नाही असं ढवळा. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यत्वे मक्याचं पीठ, रंग आणि व्हॅनिला, ती गरम दुधात टाकली की बाहेरून लगेच शिजते आणि आत कोरडी राहते, गुठळ्या त्यामुळंच होतात. बाकीचं दूध चार चमचे साखर घालून उकळा, गॅस बारीक करा, एका हातानं ढवळत दुसऱ्या हातानं कालवलेली पावडर धारेनं सोडा. दोनतीन मिनिटं शिजू द्या. चमचा बुडवून काढा, पाठीवर बोटानं रेघ ओढा, रेघ तशीच राहिली की झालं. गरम असताना पातळ वाटतं, गार झाल्यावर घट्ट होतं, म्हणून आधीच जास्त पावडर घालू नका. गार होताना वर साय धरते, ती नको असेल तर अधूनमधून हलवत राहा किंवा प्लॅस्टिकचा कागद कस्टर्डच्या अंगाला लावूनच झाका.

फळं पूर्ण गार कस्टर्डमध्येच. सफरचंद, डाळिंब, द्राक्षं, चिकू, उन्हाळ्यात आंबा. केळं सगळ्यात शेवटी, वाढायच्या दहा मिनिटं आधी, पहिल्या ढिगातलं, कारण दुसऱ्यातलं घातलं की सगळं चिकट होतं. चकत्यांना लिंबाचे दोनचार थेंब चोळले की काळ्या पडत नाहीत, जास्त नको, दूध फाटेल.

एक फळ मात्र कच्चं घालायचं नाही ते म्हणजे अननस. मी एका हळदीकुंकवाला वीस बायकांसाठी फ्रुट सॅलड केलं होतं, सकाळी ताजा अननस चिरून घातला, संध्याकाळी वाढलं तर कडू. सगळं टाकावं लागलं आणि मला दोन दिवस वाईट वाटत राहिलं. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि कडूपणा येतो. पपई आणि किवीचं पण तसंच. अननस घालायचाच असेल तर साखरेत पाच-सात मिनिटं नीट उकळून, गार करून घाला, किंवा डब्यातला वापरा, तो आधीच शिजवलेला असतो.

दुसरा ढीग: शिरा आणि रसायन

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घरच्या नेहमीच्या शिऱ्यापेक्षा वेगळा लागतो तो नुसत्या तुपामुळं नाही, केळ्यामुळं. रवा, तूप, साखर समसमान, प्रसादाला सव्वाच्या मापात. घरी खायला एक वाटी जाड रवा, पाऊण वाटी तूप, पाऊण वाटी साखर, दोन ठिपकेवाली केळी, अडीच वाट्या दूध. तुपात रवा मंद आचेवर भाजा, दहाबारा मिनिटं तरी, घाई करू नका. वास सुटला आणि रवा हलका झाला की केळ्याच्या चकत्या त्या रव्यातच घाला आणि दोन मिनिटं परता. इथं लक्ष द्या. केळं तुपाला लागलं की कडेला आधी फेसाळतं, मग त्याचा वास बदलतो, कच्च्या केळ्याचा वास जाऊन कॅरॅमलसारखा येतो, चकत्यांच्या कडा सोनेरी होतात. तो वास आल्याशिवाय दूध घालायचं नाही. बरेच जण केळं शेवटी घालतात, मग ते शिऱ्यात नुसतं तुकडा म्हणून राहतं, शिऱ्यात मिसळत नाही. दूध उकळतं घ्या, सावकाश ओता, फसफसून वर येतं, हात सांभाळा. झाकण ठेवून वाफ आणा, रवा फुलला की मगच साखर. साखर आधी घातली तर रवा नीट फुलत नाही. शेवटी वेलची, बेदाणे, आणि चंदगडकडचे काजू असतील तर ते तुपात तळून.

रसायन सोपं आहे. एका नारळाचं खोबरं कोमट पाण्यात वाटून पिळून दाट दूध काढा, साधारण दीड वाटी होतं. अर्धी वाटी चिरलेला गूळ त्यात विरघळवा, गाळून घ्या कारण गुळात कधी कधी चिपाडाचे तंतू असतात. आमच्या भागात उसाची काय कमी नाही, चिक्कोडी-अथणीकडनं चांगला गूळ येतो, काळसर बघून घ्या. वेलची केळी सात-आठ, चकत्या करून, वेलची पूड, चिमूट मीठ. उकळायचं नाही, नारळाचं दूध फुटतं. घावनाबरोबर किंवा शेवयांबरोबर खायचं. नारळाचं दूध काढल्यावर उरलेला चोथा टाकू नका, खाली अप्प्यात लागतो.

तिसरा ढीग: खरी मजा इथं

काळी केळी सोलून काट्यानं कुस्करा, मिक्सर लावू नका, मिक्सरमध्ये ती चिकट होतात.

*बन्स.* उडुपी हॉटेलात चहाबरोबर मिळतात ते, मंगळूर बन्स. दोन मोठ्या काळ्या केळ्यांचा गर म्हणजे साधारण 200 ग्रॅम, त्यात साखर तीन मोठे चमचे, दही तीन मोठे चमचे, जिरं अर्धा चमचा, मीठ अर्धा चमचा, खायचा सोडा पाव चमचा, तूप एक चमचा. हे सगळं नीट फेटा आणि मग मैदा घालत जा. साधारण 250 ग्रॅम लागतो पण केळ्यात पाणी किती यावर ते ठरतं, म्हणून माप धरून बसू नका. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पीठ चपातीच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला चिकटणारं असायला पाहिजे, इथंच नवीन माणूस घाबरतो आणि आणखी मैदा घालतो, मग बन्स दगड होतात. हाताला तेल लावून गोळा करा, झाकून रात्रभर ठेवा, निदान पाच तास तरी. सकाळी पीठ थोडं वर आलेलं असतं आणि बोट दाबलं की खड्डा हळूहळू भरतो.

लिंबापेक्षा मोठा गोळा घ्या, पुरीपेक्षा जाड लाटा, जवळजवळ पाव इंच. तेल मध्यम तापलेलं पाहिजे. पिठाचा छोटा तुकडा टाकून बघा, खाली जाऊन दोनतीन सेकंदात सावकाश वर आला तर बरोबर, लगेच वर उडाला तर तेल जास्त तापलंय, केळ्यातली साखर बाहेर काळी होईल आणि आत कच्चं राहील. बन्स सोडला की झाऱ्यानं वरून तेल उडवत राहा, तो एका बाजूनं फुगायला लागतो, मग सगळा टम्म होतो, तेव्हाच उलटा करा. रंग तांबूस-तपकिरी येतो, पुरीसारखा पिवळा नाही. फोडला की आत जाळी दिसते आणि केळ्याचा वास येतो. खोबऱ्याच्या चटणीबरोबर खा, गोड आणि तिखट एकत्र लई छान लागतं. मैद्याऐवजी निम्मी कणीक चालते, पूर्ण कणकेचे जरा घट्ट होतात पण चवीला बरे.

*गोड अप्पे.* अप्पेपात्र प्रत्येक घरात असतंच, पड्डूसाठी, म्हणजे तिखट अप्प्यांसाठी. एक वाटी बारीक रवा, दोन काळी केळी, अर्धी वाटी गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, नारळाचा चोथा किंवा ओलं खोबरं दोन चमचे, वेलची, चिमूट मीठ. अर्धा तास भिजवा, रवा पाणी ओढून घेतो, मग दूध घालून इडलीच्या पिठासारखं करा, सोड्याची चिमूट घाला आणि प्रत्येक खळग्यात तूप सोडून बारीक गॅसवर झाकून करा. गूळ असल्यामुळं खालून पटकन करपतात, गॅस मोठा केला तर संपलं. पोरांच्या डब्याला हे उत्तम, संध्याकाळपर्यंत मऊ राहतात.

*हलवा.* वेळ लागतो, पण सहा-सात काळी केळी एकदम संपतात. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तूप, कुस्करलेली केळी, मंद आच, आणि उलथनं सोडायचं नाही. आधी पाणी सुटतं, मग आटतं, रंग पिवळ्याचा तपकिरी आणि तपकिरीचा लालसर होतो, यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. मग साखर, सहा केळ्यांना अर्धी वाटी पुरते, चाखून बघा. साखर घातली की परत पातळ होतं, आटवत राहा आणि चमचा चमचा तूप सोडा. गोळा कढई सोडायला लागला आणि कडेनं तूप दिसायला लागलं की तूप लावलेल्या ताटात थापा. गार झाल्यावर वड्या पडतात.

पुडिंग, ओव्हन नसताना

हे मला बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका गोवेकर बाईनी शिकवलं, त्या नुसतं कॅरॅमल पुडिंग करायच्या, केळं मी घालायला लागले. कुकरमध्ये बसणारा ॲल्युमिनियमचा डबा घ्या, त्यात चार चमचे साखर कोरडीच घालून थेट गॅसवर ठेवा. हलवू नका, कडेनं वितळायला लागली की डबाच फिरवा. मधासारखा रंग आला की गॅस बंद, तळाला सगळीकडं पसरवा आणि ठेवून द्या, ते कडक होतं. रंग गडद होऊ दिला तर कडू लागतं.

अर्धा लिटर दूध आटवून 400 मिली करा, गार होऊ द्या. चार स्लाईस ब्रेडच्या कडा काढून दुधात भिजवा, एक मोठं काळं केळं, चार चमचे साखर, तीन अंडी, थोडा व्हॅनिला, सगळं एकत्र फिरवून गाळून डब्यात ओता. अंडी घालताना दूध गरम असेल तर अंडं गुठळी होऊन बसतं. डब्याला घट्ट झाकण लावा, नाहीतर झाकणावरचं पाणी पुडिंगवर टपकतं. कुकरमध्ये पाणी घाला, शिट्टी काढून टाका, बारीक आचेवर 35 ते 40 मिनिटं. आच मोठी केली की अंडं जास्त शिजतं आणि पुडिंगला भोकं पडतात. सुरी घालून बघा, स्वच्छ निघाली की बाहेर काढा, गार करा, फ्रीजमध्ये चार तास. कडेनं सुरी फिरवून ताटलीवर उलटं करा, कॅरॅमलचा पाक वरून खाली ओघळतो.

अंडं चालत नसेल त्यांच्यासाठी थराचं पुडिंग. कस्टर्ड वरच्यासारखंच पण पावडर तीन चमचे, म्हणजे घट्ट. काचेच्या भांड्यात मारी बिस्किटं दुधात झटकन बुडवून लावा, त्यावर केळ्याच्या चकत्या, त्यावर कोमट कस्टर्ड, परत बिस्किटं, परत केळी, वर कस्टर्ड, म्हणजे चकत्या उघड्या राहत नाहीत आणि काळ्या पडत नाहीत. आणि सगळ्यात वर बेळगावी कुंदा हातानं कुस्करून. कुंदा आटवलेल्या दुधाचा, त्याला स्वतःची खरपूस चव असते आणि तो दाणेदार असतो, मऊ कस्टर्डवर तो दाणा दाताखाली येतो तेव्हा काय लागतं ते करूनच बघा. पाहुण्यांनी आणलेला पाव किलोचा डबा घरात असतोच, त्यातला मूठभर पुरे. कुंदा घालणार असाल तर कस्टर्डमध्ये साखर निम्मी करा. रात्री करून सकाळी खायचं, बिस्किटं मऊ होऊन केकसारखी होतात.

तरी उरली तर

सोलून, चकत्या करून, ताटलीत सुट्ट्या ठेवून फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाल्या की पिशवीत भरा. सालासकट फ्रीजरमध्ये ठेवू नका, नंतर साल निघता निघत नाही. दोन महिने आरामात राहतात. गोठलेल्या चकत्या मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवल्या की आधी भुगा होतो, मग अचानक मऊ आईस्क्रीमसारखं होतं, साखर नाही, दूध नाही, हवं तर चमचाभर कोको किंवा शेंगदाण्याचा कूट. मिक्सर गरम झाला की थांबा, एकदम फिरवू नका.

पिशवीवर तारीख आणि किती केळी ते लिहून ठेवा. बन्सला दोन लागतात, पुडिंगला एक, म्हणून मी दोन-दोनच्या पिशव्या करते. साली बारीक चिरून कढीपत्त्याच्या कुंडीत मातीखाली पुरा, वर ठेवल्या तर परत चिलटं.